विरघळअण्णा आणि अक्काचं पथ्य

२६ फेब्रुवारी. उळवीची जत्रा आटोपली, तेव्हा दुकानातली मुदत संपलेली औषधं वेगळी काढायचं काम आज घेतलं. जत्रेच्या दिवसांत माणसं पाय चोळायचं मलम, उलटीच्या गोळ्या आणि मीठसाखरेच्या पुड्या एवढंच मागतात. बाकीची औषधं मागच्या फळीवर बसून म्हातारी होतात. ती खाली उतरवायची, तारीख बघायची, खोक्यात टाकायची. पाठ दुखते, चष्मा घामानं घसरतो, आणि या कामात कुणाचीही मदत नको वाटते.

मदतीला विरघळअण्णा आले.

आल्या आल्या त्यांनी खोक्यातली एक गोळी उचलली, माझ्या पाण्याच्या ग्लासात टाकली आणि काउंटरवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "बघा वैनी. दगडागत बसलीय. पोटात गेली असती तर तिथंबी अशीच बसली असती."

मी म्हटलं, अण्णा, तो माझा प्यायचा ग्लास होता.

"होता न्हाई, हाय," अण्णा म्हणाले. "त्यात अजून काईच विरघळलेलं न्हाई."

जोयड्यात या माणसाला ओळखत नाही असं कुणी नसेल. पण तुम्ही जोयड्याचे नसाल, म्हणून सांगते. खरं नाव परशुराम. मूळ गाव दिग्गी, म्हणजे इथून जीपनं रानातून जायचं आणि रस्ता संपला असं वाटलं की अजून पुढे जायचं. तिथला हा मुलगा शिकत शिकत रसायनाची मोठी पदवी घेऊन लांबच्या शहरात औषधांच्या एका कंपनीत लागला, आणि सगळी नोकरी त्यानं एकाच गोष्टीपायी घालवली: औषध पाण्यात विरघळत कसं नाही, आणि विरघळवायचं कसं.

मी खानापूरची. सासऱ्यांच्या किराणा दुकानाला मधे फळ्या मारून अर्ध्या भागात मेडिकल घातलं, तेव्हापासून मी मेडिकलवैनी. औषधं विकते. ती विरघळतात की नाही याचा विचार अण्णा निवृत्त होऊन इथे येईपर्यंत मी कधी केला नव्हता. आता रोज करावा लागतो, कारण बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानाच्या पायरीवरचं स्टूल त्यांनी स्वतःचं ठरवून टाकलं आहे.

त्यांचं म्हणणं असं. औषध पोटात गेलं म्हणजे अंगात गेलं असं नाही. आधी ते पोटातल्या पाण्यात विरघळलं पाहिजे, मगच रक्तात जाणार. आणि पुष्कळ औषधं अशी असतात, की रोगावर अगदी रामबाण, पण पाण्याला हात लावायला तयार नाहीत. जशी गेली तशी बाहेर. मग अशा हट्टी पुडीला जोडीदार शोधायचा. हे अण्णांचं काम. त्याला ते सोयरीक म्हणतात.

"सोयरिकीच्या दोन तऱ्हा," असं ते गिऱ्हाइकाला सांगायला लागतात. गिऱ्हाईक बिचारं खोकल्याच्या बाटलीला आलेलं असतं. "एक म्हणजे मीठ. मिठात एकानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. देवाणघेवाण झाली की दोघंबी बदलतात, पाण्यात सुखानं उतरतात. पण काही औषधं अशी की कुणाला काय देणार न्हाईत, कुणाकडनं घेणार न्हाईत. त्यांचं मीठ व्हत न्हाई. मग काय करायचं?" गिऱ्हाईक दाराकडे बघतं. "मग सहस्फटिक. नुसतं शेजारी बसवायचं, एका मांडवात. कुणी कुणाला काय देत न्हाई, फक्त हात धरून बसतात. पण एकट्यानं पाण्यात उतरायला भिणारं औषध जोडीनं उतरतंय."

ऐकायला बरं वाटतं. पहिल्यांदा. इथे प्रत्येकाला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, त्यामुळे मराठीतून निसटलेला माणूस अण्णांच्या कन्नडमध्ये सापडतो. काही गिऱ्हाइकं आता पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जातात. तिथे औषध कमी मिळतं, पण लवकर मिळतं.

हीच फूटपट्टी ते माणसांना लावतात. ब्यांकेतले साहेब आणि त्यांची बायको मीठ. शाळेतले मास्तर आणि मास्तरीण नुसतं मिश्रण, हलवणं थांबलं की वेगवेगळे थर. माझ्या आणि यजमानांच्या बाबतीत त्यांनी एकदा विचारात पडून सांगितलं, "तुमचंबी मीठच म्हणायचं वैनी. सायबांनी दिलं, तुम्ही घेतलं."

मी विचारलं, काय दिलं?

"घराची सगळी कामं," अण्णा म्हणाले. यजमान जंगल खात्यात, कायम बदलीवर. मी वाद घातला नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. का, म्हणून कुणी विचारलं की सांगतात, "माझ्यावर प्रयोग करणाऱ्यांनी धीर सोडला."

चहाच्या टपरीवर त्यांची आणखी एक कथा. चहात साखर टाकायची, पण ढवळायची नाही. "ढवळू नको. त्याचं त्याला विरघळू दे." मग ते ग्लास डोळ्यांसमोर धरून साखरेचा तळ बघत राहणार, चहावर साय येणार, माश्या येणार, शेवटी बस येणार आणि टपरीवाला ग्लास मागणार. त्यानं आता उपाय काढला आहे. अण्णांचा चहा तो आदल्या घाण्यातला, गार झालेलाच देतो. अण्णांना फरक कळलेला नाही.

एकदा मी एका बाईला जंतूंवरच्या गोळ्या दिल्या. ती गेल्यावर अण्णांनी विचारलं, कशाबरोबर घेणार म्हणाली? मी म्हटलं, दुधाबरोबर घेते म्हणाली. अण्णा तसेच अनवाणी पळाले. खरं म्हणजे बरोबर होतं त्यांचं. दुधातल्या चुन्याशी ते औषध अशी गाठ मारतं की मग सुटत नाही, विरघळत नाही. पण बाई बसमध्ये बसली होती आणि बस सुटली होती. अण्णांनी मधे उभं राहून बस थांबवली आणि खिडक्याखिडक्यांतून हात जोडून सांगितलं, दूध घेऊ नका, दूध घेऊ नका. बस गेली. पण ते वाक्य दांडेलीपर्यंत गेलं, आणि परत येताना मोठं होऊन आलं. दूधवाला दुसऱ्या दिवशी भरलेली किटली घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. त्याला उठवण्यासाठी मला सगळ्यांदेखत त्याचं दूध प्यावं लागलं. मला दूध सोसत नाही.

त्यांची खोली शांताबाईच्या परसात. खिडकीत काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत रंगीत पाणी आणि वरून सोडलेला दोरा. दोऱ्याच्या टोकाला हळूहळू खडा धरतो. तुरटीचा, मोरचुदाचा, आणि काय काय. ते हलू द्यायचं नसतं, म्हणून खोलीत झाडू नाही. शांताबाईनं दोरे बघितले आणि तिची खात्री पटली की ही करणी. ती कुणालातरी विचारून आली आणि उंबऱ्यावर नारळ आणि कापलेलं लिंबू ठेवून गेली. संध्याकाळी बघते तर नारळ जागच्या जागी, लिंबू गायब. अण्णांनी ते एका बाटलीत पिळलं होतं आणि तिला हाक मारून सांगितलं, "बरं झालं आणलंस. याच्यावाचून अडलं होतं."

आंबटावर त्यांचा फार जीव. त्यांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा पराक्रमही आंबटाचाच. बुरशीवरचं एक औषध, पाण्याचा द्वेष करणारं. त्याचं मीठही धड होईना. वर्षं गेली. मग चिंचेत जे आम्ल असतं, सफरचंदात जे असतं, तसल्या आम्लांच्या शेजारी ते मुकाट्यानं बसलं. दिवाळीच्या सुट्टीत विसरून राहिलेल्या बशीत सहस्फटिक धरले होते. ही गोष्ट सांगताना ते अजूनही आवाज खाली आणतात, जणू मोठ्यानं बोललं तर खडा दोऱ्यावरून सुटेल. त्यामुळे कुणाला बुरशीवरची कॅप्सूल दिली की अण्णा स्टुलावरून उठलेच: भरल्या पोटी घे, सोडा पिऊ नको, वर कोकम पी, त्याची सोलं तोंडात धर. आमच्या रानात आंबटाला तोटा नाही.

आणि हाच माणूस माझ्याकडे जेवायला बसला की सोलकढीच्या वाटीवर हात आडवा धरतो. "नको वैनी." आमटीत चिंच आहे का विचारतो. ताकसुद्धा नको. गणपतीनंतर कधीतरी हे सुरू झालं. मला वाटलं, पित्त झालं असेल. दुसऱ्याला शहाणपण सांगणारी माणसं स्वतःच्या पोटाशी असंच वागतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

आता अक्काचं सांगायला हवं, कारण आजचं सगळं तिच्यावरून झालं.

गंगूअक्का ही त्यांची थोरली बहीण. फार लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि दिग्गीची भातशेती तिनं आजवर एकटीनं ओढली. अनवाणी. कधीतरी पायात काटा मोडला. तो निघाला, पण त्याच्या वाटेनं मातीतली बुरशी आत गेली आणि पाऊल वर्षावर्षानं जाड होत गेलं. गाठी, गाठींना तोंडं. तिनं झाडपाला बांधला, भाताची लावणी केली, कुणाला दाखवलं नाही. मागच्या पावसात अण्णांनी तिला जवळजवळ उचलून बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं: औषध लांबचं आहे, नेमानं घ्या. होळीनंतर बघू. फरक नसेल तर पाऊल काढावं लागेल, नाहीतर बुरशी हाडातून वर चढेल.

कॅप्सूल माझ्या दुकानातून, दिग्गीच्या फेऱ्या करणाऱ्या बसूच्या जीपनं तिकडे जातात. फरक काही नाही. होळी तोंडावर आली. अण्णांनी याच औषधाचा पातळ, म्हणजे आधीच विरघळवलेला प्रकार खटपट करून मागवला होता. अक्कानं बोटानं चव बघितली आणि तो केळीच्या बुडात ओतला.

तर आज मी तारखा बघत होते, अण्णा ग्लासातली गोळी बघत होते, आणि बसू जीप लावून आत आला. त्यानं कॅप्सूलची पिशवी काउंटरवर ठेवली. मी कालच पाठवलेली, तशीच बांधलेली.

"अक्का घेत न्हाई," बसू म्हणाला. "सांगितलंय, पाय कापायचा तर कापा. पण एवढं पथ्य पाळून गुण न्हाई, तर आता औषध बंद."

ग्लासातली गोळी अजून तळाशीच होती. अण्णांनी ती बोटांनी बाहेर काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि परत खोक्यात ठेवली. हा माणूस गप्प बसला की दुकान किती मोठं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, पथ्य कसलं? डॉक्टरांनी तर काही सांगितलेलं नाही.

"आंबट," अण्णा म्हणाले. "औषध चालू हाय तवर आंबट न्हाई. आमच्या आईचं होतं तसं."

मला चीड आली. मी म्हटलं, साऱ्या जोयड्याला कोकम पाजता आणि स्वतःच्या बहिणीला सांगता येत नाही?

"सांगितलं की."

मग?

"अक्का हाय ती," अण्णा म्हणाले. जणू यात सगळं आलं.

मी खोकं तसंच टाकलं, फळी ओढली, कुलूप लावलं आणि बसूला म्हटलं, चल. मला हौस नव्हती. दिग्गीचा रस्ता माझ्या कमरेला माहीत आहे. पण ज्या पायासाठी इतके महिने मी पुड्या बांधल्या, तो कापला जायचा असेल तर निदान कशानं, ते मला बघायचं होतं.

वाटभर सगळ्यांनी धूळ खाल्ली.

अक्का अंगणात पाय पाटावर ठेवून सुपात नाचणी पाखडत होती. पाऊल फडक्यात गुंडाळलेलं. आम्हाला बघून सूप न थांबवता म्हणाली, "मेडिकलला टाळं लावून आलीस व्हय? मग आज जोयड्यात कुणी आजारी पडायचं न्हाई म्हण."

मी तिच्याजवळ बसले आणि दुकानात विचारते तसं एकेक विचारलं. कॅप्सूल कधी घेतेस? पहाटे. काय खाऊन? औषध कुणी खाऊन घेतं होय, अनशापोटी. पोटात जळजळ होते का? होते की, गरम औषध आहे. मग काय करतेस? तिनं मागच्या कोनाड्याकडे हनुवटी केली. खायच्या सोड्याचा डबा होता. एक चमचा पाण्यात, कॅप्सूलच्या पाठोपाठ. आणि आंबट? गणपतीनंतर जिभेला लावलेलं नाही.

हे औषध पोटातल्या आंबटात विरघळतं. रिकाम्या पोटी आंबट कमी. वर सोड्यानं असेल नसेल ते मारलेलं. बाहेरून थेंब नाही. अक्कानं कॅप्सूल गिळल्या होत्या, नेमानं, एक दिवस न चुकता; आणि त्यांतल्या बहुतेक परसात टाकल्यासारख्याच गेल्या होत्या. पाकिटावर मी ठळक अक्षरांत जेवल्यानंतर असं लिहीत होते. अक्काला वाचता येत नाही, आणि ते कुणाला विचारायची तिला गरज वाटली नव्हती, कारण औषध कसं घ्यायचं ते तिला आईकडून माहीत होतं.

अण्णांनी घसा साफ केला. "अक्का, पोटातलं जे आम्ल असतंय..."

"तू गप रे तम्मा," अक्का म्हणाली. धाकट्या भावाला आमच्याकडे कन्नडातून तम्मा म्हणतात. "तुला दात येत होते तवा मी चिखलात उभी होते."

मी म्हटलं, अक्का, ते बरोबर सांगतायत. तालुक्याला ते हेच सांगतात, आंबट खा म्हणून.

"सांगतंय ते ऐकलंयस," अक्का म्हणाली, "खातंय काय ते बघितलंयस काय?"

आणि मला सोलकढीच्या वाटीवरचा आडवा हात आठवला.

अक्कानं सूप खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते असं. त्यांच्या घराची रीत आहे, दुखणेकऱ्याला एकट्याला पथ्य पाळायला लावत नाहीत. घरातलं कुणीतरी एक त्याच्याबरोबर धरतं, म्हणजे दुखणेकऱ्याच्या ताटासमोर कुणी चमचमीत खात बसत नाही आणि त्याचा जीव राहतो. अण्णांना लहानपणी कावीळ झाली, तेव्हा अक्कानं त्यांच्याबरोबर बिनतेलाचं, बिनमिठाचं खाल्लं होतं, ते पुन्हा उभे राहीपर्यंत. लावणीच्या दिवसांत. आता अक्का दुखणेकरी, आणि घरातलं असं एकच माणूस उरलेलं.

"मी तर दिवाळीलाच मोडणार होते," अक्का म्हणाली. "बिनआंबटाचं माशाचं हुमण कधी खाल्लंयस? कुत्रं तोंड लावायचं न्हाई. पण हा तिकडं जोयड्यात, एका खोलीत, एकटा बसून माझं पथ्य पाळतोय. बसू सांगतो मला. मग मी हितं कोकम चाखत बसू व्हय? त्यानं धरल्यावर मी कशी मोडू?"

मी अण्णांकडे वळले. मी म्हटलं, तिचं जाऊ दे, तिला पटलं नव्हतं. तुम्ही जन्मभर हेच केलंत. तिचं पथ्य चुकीचं आहे, त्यानंच औषध वाया जातंय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मग तुम्ही का पाळलंत?

अण्णा जमिनीकडे बघत होते. सुपातून उडालेला नाचणीचा कोंडा पायाच्या अंगठ्यानं एकत्र करत होते.

"चुकीचं हाय, ते खरं," ते म्हणाले. "म्हणून काय तिनं एकटीनं पाळायचं?"

मला दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली. एवढ्या महिन्यांत हिनं धरलं म्हणून यानं धरलं, यानं धरलं म्हणून हिनं सोडलं नाही, आणि मधे पाय चालला होता.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कुणाला विचारलं नाही. भात चुलीवर होता. बरणीत सोलं होती. अक्कानं ती खाल्ली नव्हती, पण वर्षाची घालायची सोडली नव्हती. गरम पाण्यात भिजवली, कुस्करली, मीठ, लसूण, हिरवी मिरची. नारळ खवायला मला वेळ नव्हता आणि इच्छाही नव्हती. दोन ताटांत भात वाढला, दोन वाट्या भरल्या आणि दोघांपुढे ठेवल्या.

कुणी हात लावेना.

"तू घे, तम्मा."

"आधी तू. थोरली हायस."

"पथ्य धरणारा दुसरा असतोय ना, त्यानं आधी मोडायचं असतंय."

"असं कुठं हाय?"

"आईचं होतं."

बसू बाहेरून हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, मी आता दोघांचं पथ्य मोडते, आणि अक्काची वाटी उचलून तोंडाला लावायला गेले. तेव्हा अक्कानं ती माझ्या हातून ओढून घेतली आणि अण्णांनी आपली उचलली. दोघं एकदमच प्याली. अण्णांचा चेहरा चुरगळला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. इतक्या महिन्यांनी आंबट पोटात गेलं की असं होतं. मी स्वतः त्या कोकमाचा वास घेतला होता, चांगलं जहाल होतं.

भात संपल्यावर मी अक्काच्या हातात कॅप्सूल दिली. सोड्याचा डबा उचलून माझ्या पिशवीत टाकला. ती बघत होती.

निघताना अण्णा चपला शोधायला लागले. मी म्हटलं, तुम्ही कुठे?

म्हणाले, जोयड्याला.

अण्णांची एक गोष्ट आहे, ती मी गिऱ्हाइकांबरोबर इतक्यांदा ऐकली आहे की पाठ आहे. औषधाला जोडीनं पाण्यात उतरवणं सोपं. ते उडी मारून उतरतं. पण उतरल्यावर जोडी सुटते, आणि वर धरून ठेवणारं दुसरं काही नसेल तर ते परत तळाशी जाऊन बसतं. म्हणून नुसता जोडीदार पुरत नाही, धरून ठेवणारंही कुणी लागतं. ही गोष्ट मी त्यांना तिथे, अंगणात, त्यांच्याच शब्दांत ऐकवली. म्हटलं, आज प्यायली. उद्या पहाटे अनशापोटी सोडा शोधेल. तेव्हा कोण असणार इथे?

अण्णांनी अक्काकडे बघितलं. ते निवृत्त होऊन आले तेव्हा आधी इथेच राहिले होते. खिडक्यांत बाटल्या, दोरे, प्यायच्या पाण्यात गोळ्या. अक्कानं त्यांना सामानासकट जीपमध्ये बसवून दिलं होतं.

"ऱ्हाऊ दे त्याला," अक्का मला म्हणाली, त्यांना नाही. "पण खिडकीत बाटल्या न्हाईत."

"एक," अण्णा म्हणाले.

अक्कानं सूप परत मांडीवर घेतलं आणि बराच वेळ पाखडलं.

"एक," ती म्हणाली. "आणि चुलीपासनं लांब."

परतताना जीपमध्ये मी एकटीच. घरी येऊन मी धूळ धुतली आणि झोपले.

२७ फेब्रुवारी. सकाळी आधी बेळगावला डॉक्टरांना फोन लावला आणि औषध कसं घेतलं जात होतं ते सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, सोडा बंद, भरल्या पोटी घेऊ दे, जेवताना आंबट चालेल, आणि कापायचं आत्ताच ठरवायला नको. होळीनंतर न आणता पाडव्यानंतर आणा, तेव्हा बघू. फरक पडेलच असं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग शांताबाईकडे गेले. अण्णांच्या खिडकीतली कुठली बाटली न्यायची ते कळेना. शेवटी लिंबू पिळलेली होती ती घेतली, कारण तेवढीच मला ओळखू आली. दोऱ्याच्या टोकाला तांदळाएवढा खडा धरला होता. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून बसूच्या सीटशेजारी ठेवली आणि त्याला सांगितलं, वळणावर हळू घे, हलू देऊ नको.

दुकान उघडलं. स्टूल पायरीवरच होतं. खोकं कालच्या जागी होतं, ते पुढे ओढलं आणि राहिलेल्या तारखा बघायला बसले. पहिलं गिऱ्हाईक रक्त वाढायच्या गोळ्यांना आलं. मी पुडी बांधली, आणि द्यायच्या आधी विचारलं, कशाबरोबर घेणार?

ते म्हणालं, चहाबरोबर.

मी पुडी हातातच ठेवली आणि म्हटलं, जरा बस.